साठावा दिवस उलटल्यावर

सत्र न्यायालयात शिक्षा झाली की कोर्टाच्या आवारातच आरोपीच्या घरच्यांना सांगितले जाते, 'काळजी करू नका, हायकोर्टात अपील करू.' सांगणारा वकील बहुतेक वेळा मनापासूनच सांगत असतो. पण दिवस मोजायला तेव्हाच सुरुवात झालेली असते. १९६३ च्या मुदत कायद्याच्या ११५ व्या अनुच्छेदानुसार शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला ६० दिवस मिळतात. मॅजिस्ट्रेटने दिलेल्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जायचे तर ३०. सर्वोच्च न्यायालयाकडे विशेष अनुमती मागायला ९०, फाशीच्या प्रकरणात ६०. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली असेल तर उच्च न्यायालयात जायला मात्र ३० दिवसच.

सर्वांत जड शिक्षेला सर्वांत कमी दिवस, हे वाचून कोणीही चमकेल. पण फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. सत्र न्यायाधीशालाच कागदपत्रे वर पाठवावी लागतात, आणि अपील राहून गेले तरी उच्च न्यायालयाला पुरावा मुळापासून तपासावा लागतो. म्हणजे तिथे आरोपीचे भवितव्य वकिलाच्या डायरीवर टांगलेले नाही. जन्मठेपेला, दहा वर्षांच्या सक्तमजुरीला, चेक न वटल्याच्या प्रकरणातल्या सहा महिन्यांना ही सोय नाही. तिथे अपील कोणीतरी करावे लागते, आणि ज्याने करायचे त्याने मुदत चुकवली तर काय, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता दिलासा देणारे आहे. मुदत उलटली तरी विलंब माफ होऊ शकतो आणि वकिलाची चूक हे माफीचे कारण ठरू शकते. पण विलंब माफीचा आपला जवळपास सगळा कायदा जमिनीच्या, पैशाच्या आणि कंपन्यांच्या भांडणांत घडला आहे. तुरुंगातल्या माणसाच्या मापाने तो बेतलेला नाही. तो त्याला कधी सैल होतो, कधी गळ्याशी आवळतो.

चूक होते कुठे, ते आधी पाहू. अपील विसरणारा आळशी वकील ही कल्पना सोपी आहे, पण मुदत बहुधा दोन वकिलांच्या मधल्या जागेत बुडते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी खटला लढवणारा वकील वेगळा. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, पणजी आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, इथल्या उच्च न्यायालयात उभा राहणारा वकील वेगळा. पहिल्याने मानून घेतलेले असते की कागद पाठवले, आता त्यांनी बघायचे. दुसऱ्याकडे वकीलपत्रावर सही झालेली नसते, कारण सही करणारा तुरुंगात आहे. फीचा अर्धा भाग द्यायचा राहिलेला असतो. साक्षीपुराव्याच्या नकला अजून आलेल्या नसतात. घरचे दर महिन्याला फोन करतात आणि 'दाखल झालेय, नंबर पडायचाय' असे उत्तर ऐकतात. त्यातले 'दाखल' आणि 'नंबर' हे शब्द किती फसवे आहेत, हे त्यांना कित्येक महिन्यांनी कळते.

दुसरी जागा विशेष कायद्यांची. ६० दिवसांची सवय झालेल्या वकिलाला मकोकाखालील शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला ३० दिवसच आहेत हे आठवले नाही, तर चूक लक्षात येईपर्यंत महिना गेलेला असतो.

मुदत गेली असे कळल्यावर पहिले काम रडण्याचे नाही, पुन्हा मोजण्याचे आहे. मुदत कायद्याचे कलम १२ निकालाचा दिवस वगळते आणि प्रमाणित नक्कल मिळवायला लागलेला वेळही वगळते. नकलेच्या मागे शिक्क्यात तारखा असतात: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. त्या वाचता आल्या तर मुदत उलटलीच नाही असे निघू शकते. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर कलम ४ पुढचा कामाचा दिवस देते. मात्र एक खबरदारी हवी. नकलेसाठी अर्जच मुदत संपल्यावर केला असेल, तर वगळायला काही उरत नाही. घरचे लोक 'नक्कल उशिरा मिळाली' असे सांगत असले, तरी खरा प्रश्न ती मागितली कधी हा असतो.

शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत ताबडतोब आणि विनामूल्य मिळाली पाहिजे, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३६३ सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ४०४ झाले आहे. नियम कागदावर नेहमीच स्वच्छ होता. त्याचे प्रत्यक्षात काय होते हे १९७८ च्या हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात दिसले. बनावट पदव्यांच्या त्या प्रकरणात सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा दिली होती, उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ती वाढवून तीन वर्षे केली. सर्वोच्च न्यायालयातली याचिका आली ती चार वर्षांहून अधिक उशिराने. कैद्याचे म्हणणे, निकालाची प्रत मला मिळालीच नाही. तुरुंगाचे म्हणणे, दिली. पण कैद्याची पोच नव्हती. तीन वर्षांची शिक्षा आणि चार वर्षांचा विलंब हे दोन आकडे शेजारी ठेवले की भाष्याची गरज उरत नाही.

न्या. कृष्ण अय्यर यांनी ती याचिका गुणवत्तेवर फेटाळली, पण जाताजाता नियम घालून दिले. शिक्षा होताच प्रत तुरुंगाकडे जावी, कैद्याच्या हातात देऊन लेखी पोच घ्यावी, अपिलासाठी लागणाऱ्या सोयी तुरुंगाने पुरवाव्यात, आणि वकील लावण्याची ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळावा. अपिलाचा हक्क वापरण्याची साधने नसतील तर तो हक्क घटनेच्या कलम २१ च्या कसोटीला उतरत नाही, हा त्यामागचा विचार. हरलेल्या माणसाच्या खटल्यातून इतरांना एवढे मिळाल्याची उदाहरणे फार नाहीत. मुदत चुकल्याचे कारण शोधणाऱ्या प्रत्येक वकिलाने तुरुंगातली ती पोच आधी मागवावी. ती नसेल तर अर्धे काम तिथेच होते.

आता मुदत कायद्याचे कलम ५. मुदतीत अपील न करण्यास 'पुरेसे कारण' होते, अशी न्यायालयाची खात्री पटली तर उशिराने आलेले अपील दाखल करून घेता येते. कायद्यात एवढेच आहे. पुरेसे म्हणजे किती, हे ठरवण्यात साठ वर्षे गेली.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला रामलाल विरुद्ध रेवा कोलफील्ड्स या खटल्यात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्यापुढे एका दिवसाचा उशीर होता. ते म्हणाले की मुदतीच्या आतल्या सगळ्या दिवसांत काय केले हे विचारायचे नाही. शेवटच्या दिवसापासून पुढचा उशीर समजावला की झाले. माणसाला शेवटच्या दिवशी अपील करण्याचा पूर्ण हक्क आहे. हा नियम आजही उपयोगी पडतो, कारण सरकारी वकील हमखास विचारतात, 'पहिले पन्नास दिवस काय करत होता?'

वकिलाच्या चुकीचा प्रश्न मातादीन विरुद्ध नारायणन या खटल्यात नीट मांडला गेला. वकिलाची चूक माफीचे कारण ठरू शकते, पण प्रत्येक चूक नाही. चूक प्रामाणिक होती की मागचा काही डाव झाकण्यासाठी पुढे केली आहे, एवढे पाहायचे. १९७९ मध्ये कॉन्कॉर्ड विमा कंपनीच्या प्रकरणात वकिलानेच मुदतीचा हिशेब चुकवला होता. तज्ज्ञाच्या सल्ल्यावर विसंबणे हा अशिलाचा दोष कसा, असे कृष्ण अय्यर यांनी विचारले. १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल आले. गावातल्या माणसाने वकील दिला, फी भरली आणि घरी गेला. सुनावणीला वकीलच आला नाही, अपील निकाली निघाले. न्या. देसाई यांचा निकाल या विषयावरच्या प्रत्येक अर्जात आज उतरवला जातो. शहरातल्या कोर्टात आपला वकील हजर आहे की नाही, हे पाहायला खेड्यातल्या माणसाने यायचे काय? आणि दोष वकिलाचा असेल तर भोग अशिलाला का? न्यायालयाने खर्चाचे २०० रुपये वकिलाकडून वसूल करायला सांगितले. रक्कम किरकोळ आहे, पण ती कोणाच्या खिशातून जाणार हे न्यायालयाने बोलून दाखवले, असे फार क्वचित घडते.

१९८७ च्या कातिजी निकालाने दिशा आणखी उदार केली. प्रत्येक दिवसाचा हिशेब द्या म्हणजे प्रत्येक तासाचा आणि सेकंदाचा द्या असे नव्हे, उशीर करून कोणाचा फायदा होत नसतो, न्याय आणि तांत्रिकता समोरासमोर उभ्या राहिल्या तर न्यायाला झुकते माप द्यावे. मौज अशी की या निकालाचा लाभ झाला तो सरकारला, चार दिवसांच्या उशिरासाठी. पुढची पंचवीस वर्षे सरकारी खात्यांनी त्याची इतकी पारायणे केली, की २०१२ मध्ये पोस्टमास्तर जनरलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, 'फाइल टेबलावरून टेबलावर फिरत होती' हे कारण यापुढे चालणार नाही.

आणि १९९८ चा एन. बालकृष्णन. उशीर ८८३ दिवसांचा. वकिलाने अशिलाला अंधारात ठेवले होते. न्यायालय म्हणाले, उशीर किती याला महत्त्व नाही, खुलासा पटतो का याला आहे. कधी एक दिवसही माफ होणार नाही, कधी वर्षे माफ होतील.

ही झाली उदार बाजू. दुसरी धार तितकीच जुनी आहे आणि अलीकडे तिला पाणी चढवले जात आहे. १९९३ च्या सलिल दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की रफिकचा निकाल म्हणजे सरसकट नियम नव्हे. तो खेड्यातल्या गरिबासाठी होता, कलकत्त्याच्या कंपनीसाठी नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रजनीश कुमार विरुद्ध वेद प्रकाश या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की सगळे खापर वकिलावर फोडून मोकळे होता येणार नाही; आपल्या खटल्याचे काय चालले आहे यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी पक्षकाराचीही आहे.

दिवाणी खटल्यात हे म्हणणे मला मान्य आहे. दुसऱ्या बाजूला कोणीतरी जिंकलेला असतो. त्याने घर बांधायला घेतलेले असते, जमीन विकलेली असते. मुदत संपली की त्याला निर्धास्त होण्याचा हक्क मिळतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा हीच वाक्ये उचलून जन्मठेपेच्या कैद्याच्या अर्जावर चिकटवली जातात. 'अर्जदाराने जागरूकता दाखवली नाही.' कोठडीतला माणूस जागरूकता दाखवणार कशी? ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर आपला नंबर कसा शोधणार? महिन्याकाठच्या मुलाखतीत घरचे जे सांगतील ते त्याचे सत्य. समोर जिंकलेला शेजारी नाही, सरकार आहे. आणि निर्दोष सुटकेविरुद्ध त्याच उच्च न्यायालयात जायला सरकारला ९० दिवस मिळतात, म्हणजे आरोपीपेक्षा महिनाभर जास्त. अंतर्गत मंजुऱ्यांना वेळ लागतो हे त्याचे समर्थन. वकीलपत्रावर कैद्याची सही आणायलाही वेळ लागतो, हे मात्र कायदा करणाऱ्यांना सुचले नाही.

फौजदारी बाजूला स्वतःची आधारभूत तत्त्वे आहेत, ती अर्जांत कमी दिसतात. २००७ च्या दिलीप डहाणूकर निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की स्वातंत्र्य हिरावणाऱ्या शिक्षेविरुद्धचे अपील हा कायद्याने दिलेला हक्क तर आहेच, पण त्याला मूलभूत हक्काचेही वजन आहे. १९९६ च्या बानी सिंग निकालाने ठरवून दिले की एकदा दाखल झालेले फौजदारी अपील वकील आला नाही म्हणून काढून टाकता येत नाही. न्यायाधीशाने कागद वाचून गुणवत्तेवरच निर्णय द्यायचा. दाखल झालेल्या अपिलाला जर वकिलाची गैरहजेरी मारू शकत नाही, तर दाखल व्हायच्या आधी वकिलाच्याच चुकीने त्याचा गळा का घोटावा? विलंब माफीच्या अर्जात हा प्रश्न थेट विचारला पाहिजे. त्याऐवजी कातिजीतली ठरलेली सहा वाक्ये टाइप केली जातात.

अर्जाला खरी ताकद प्रतिज्ञापत्रातल्या तारखांनी येते. निकाल कधी लागला, नकलेसाठी अर्ज कोणी केला, कागद कोणाकडे सोपवले, फी कशी दिली, फोनवर काय निरोप आले, अपील झालेलेच नाही हे कधी आणि कसे कळले, आणि कळल्यावर किती दिवसांत पाऊल उचलले. यातला शेवटचा टप्पा निर्णायक असतो. दोन वर्षांचा उशीर वकिलामुळे झाला हे न्यायाधीश मान्य करतात. कळल्यानंतरचे चार महिने कशात गेले, तिथे गाडी अडते. व्हॉट्सॲपवरचे संदेश, बँकेतून गेलेली रक्कम, तुरुंगातल्या मुलाखतीची नोंद हे सगळे जोडावे. जुन्या वकिलाने स्वतः प्रतिज्ञापत्र करून चूक कबूल केली तर त्यासारखा पुरावा नाही. पण तसे करणारे वकील मोजके, आणि नवा वकील व्यवसायबंधूवर आरोप लिहायला कचरतो. मग अर्जात 'काही अपरिहार्य कारणास्तव' असे गुळमुळीत वाक्य येते आणि तेवढ्यावर अर्ज फेटाळला जातो. सभ्यतेची किंमत इथे अशील भरतो.

कागद परत न देणे हा आणखी एक जाच. उरलेली फी द्या, मग फाइल आणि ना हरकत देतो, असे सांगून अडवून ठेवणारे वकील भेटतात. २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा विषय संपवला आहे. थकलेल्या फीसाठी अशिलाचे कागद अडवण्याचा वकिलाला हक्क नाही, आणि तसे करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. हे लेखी पत्रात नुसते नमूद केले तरी फायली सापडू लागतात.

ज्याच्याकडे वकिलासाठी पैसेच उरले नाहीत, त्याला तुरुंगातून थेट अपील पाठवता येते. तुरुंग अधिकाऱ्याकडे अर्ज आणि निकालाची प्रत दिली की त्याने ती अपील न्यायालयाकडे पाठवायची, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४२४ सांगते. जुन्या संहितेत ते ३८३ होते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीत असलेला माणूस उत्पन्नाची अट न लागता मोफत वकिलाला पात्र ठरतो. १५१०० या क्रमांकावर घरचेही विचारणा करू शकतात. एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी: मुदत पॅनेलवरच्या वकिलाकडूनही चुकते आणि प्राधिकरणाच्या पत्रव्यवहारातही बुडते. तेव्हा तक्रार त्या प्राधिकरणाच्या देखरेख समितीकडे करायची. तो पत्रव्यवहार विलंब माफीच्या अर्जाला मात्र उत्तम पुरावा ठरतो, कारण त्यावर सरकारी जावक क्रमांक आणि तारखा असतात.

कलम ५ चा दरवाजाच बंद करणारे काही कायदे आहेत. राष्ट्रीय तपास संस्थेच्या कायद्यात अपिलाला ३० दिवस आहेत, पुरेशा कारणासाठी आणखी काही, पण ९० दिवसांनंतर कोणतेही अपील घेऊ नये असे कलम २१ मध्ये लिहिले आहे. केरळ उच्च न्यायालयाने ते अक्षरशः लागू केले. मुंबई उच्च न्यायालयात सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने उलट मत दिले. पहिले अपील हा न्यायाचाच भाग आहे, म्हणून ती ९० दिवसांची ओळ सक्तीची न मानता मार्गदर्शक मानावी आणि कारण पुरेसे असेल तर त्यापुढचा विलंबही माफ करावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन उच्च न्यायालयांना सांगितले की निव्वळ ९० दिवस उलटले म्हणून अशी अपिले फेटाळू नयेत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातली १८० दिवसांची अशीच कुंपणवजा ओळ अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली होती. माझ्या मते मुंबईचा निकाल बरोबर आहे, आणि त्याचे कारण करुणा हे नाही. ज्या कायद्यांत जामीन सर्वांत अवघड आहे, त्याच कायद्यांत अपिलाची मुदत सर्वांत कडक ठेवली, तर चुकीच्या निकालावर झाकण घट्ट बसते.

न्यायालये मनात आणतील तर मुदतीचे घड्याळ थांबवू शकतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कोविडच्या काळात १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा कालावधी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या मुदतींतून वगळला होता.

विलंब माफीचा अर्जच फेटाळला गेला तर? सत्र न्यायालयाने फेटाळला असेल तर उच्च न्यायालयात पुनरीक्षण किंवा अंगभूत अधिकारांखाली अर्ज करता येतो. नव्या संहितेत ही कलमे ४३८, ४४२ आणि ५२८. उच्च न्यायालयाने फेटाळला तर सर्वोच्च न्यायालयाची विशेष अनुमती, म्हणजे पुन्हा एक मुदत. एक सापळा लक्षात ठेवावा: ज्याला अपील करता येत होते पण त्याने केले नाही, त्याला त्याऐवजी पुनरीक्षण मागता येत नाही. मात्र अपील होत नाही अशा चुकीच्या समजुतीने पुनरीक्षण अर्ज झाला असेल, तर न्यायालय तोच अर्ज अपील म्हणून घेऊ शकते.

दरम्यान माणूस कुठे असतो? जामिनावर असलेल्याला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली तर खालचे न्यायालय अपील करता यावे म्हणून शिक्षा थोडे दिवस थांबवते. ते दिवस संपले आणि वरून स्थगिती आली नाही, की वॉरंट निघते. 'अपील झालेय' या भरवशावर कामावर गेलेल्या माणसाला पोलीस घेऊन जातात, तेव्हा वकिलाची चूक कळते. आणि आधीच तुरुंगात असलेल्याची अडचण वेगळी. शिक्षेला स्थगिती मागायला अपील प्रलंबित असावे लागते. विलंब माफ झाल्याशिवाय अपिलाला नंबर नाही, आणि नोटीस, सरकारचे उत्तर, तारखा यांत माफीच्या अर्जालाच महिने लागतात. लहान शिक्षेच्या कैद्याला त्यामुळे विलंब माफ होऊनही हाती फक्त कलंक पुसण्याची संधी उरते, दिवस गेलेले असतात. विलंब माफीचा अर्ज आणि स्थगितीचा अर्ज एकाच दिवशी ऐका, अशी लेखी विनंती पहिल्याच तारखेला करण्याखेरीज यावर उपाय नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो. फेडरल न्यायालयात आरोपीला अपिलाची नोटीस द्यायला अवघे १४ दिवस आहेत. पण २००० च्या फ्लोरेस-ऑर्टेगा निकालाने नियम पक्का केला की अशिलाने अपील करायला सांगूनही वकिलाने केले नाही, तर तो घटनेने दिलेल्या वकिलाच्या हक्काचाच भंग आहे. अपील जिंकले असते हे दाखवायची गरज नाही, अपील परत मिळते. २०१९ च्या गार्झा निकालाने हा नियम, गुन्हा कबूल करताना अपिलाचा हक्क सोडून दिलेल्यांनाही लावला. आपल्याकडे जे न्यायाधीशाच्या विवेकावर आहे, ते तिथे हक्काने मिळते. मात्र पहिल्या अपिलापुरतेच. त्यापुढच्या टप्प्यावर वकिलाचा घटनात्मक हक्क संपतो आणि त्याची चूक अशिलाच्या माथी येते. व्हर्जिनियात देहदंडाची शिक्षा झालेल्या रॉजर कोलमनच्या वकिलांना नंतरच्या एका अपिलाला तीन दिवस उशीर झाला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दार उघडले नाही, १९९२ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. २००६ च्या डीएनए चाचणीने तो दोषी असल्याचेच दाखवले, पण ते तीन दिवस ठरवताना हे कोणालाही ठाऊक नव्हते. २००७ च्या बोल्स प्रकरणात तर न्यायाधीशानेच १४ ऐवजी १७ दिवस लिहून दिले होते, त्यावर विसंबून अपील केले, आणि ते पाच विरुद्ध चार मतांनी बाद झाले. आपल्या कलम ५ च्या स्पष्टीकरणात उच्च न्यायालयाच्या आदेशाने दिशाभूल झाली तर ते पुरेसे कारण ठरू शकते, असे थेट लिहिलेले आहे. पुढे २०१२ मध्ये मेपल्स खटल्यात तिथल्या न्यायालयाने एक भेद केला जो आपल्याकडे उचलण्याजोगा आहे: वकिलाची चूक वेगळी आणि वकिलाने अशिलाला न सांगता वाऱ्यावर सोडणे वेगळे. दुसऱ्या स्थितीत तो त्याचा प्रतिनिधीच उरत नाही, मग त्याची चूक अशिलाची कशी म्हणायची?

उरला वकील. बालकृष्णन खटल्यातल्या अशिलाने ग्राहक मंचाकडे जाऊन आपल्या वकिलांकडून ५०,००० रुपये भरपाई मिळवली होती. ती वाट १४ मे २०२४ रोजी बंद झाली. न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मिथल यांनी निर्णय दिला की वकील अशिलाच्या सूचनांनुसार काम करतो, हा व्यक्तिगत सेवेचा करार आहे, म्हणून तो ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. दिवाणी दावा मात्र करता येतो. १९२६ चा एक छोटा कायदा सांगतो की वकील आहे एवढ्याच कारणाने कोणी निष्काळजीपणाच्या नुकसानभरपाईतून सुटत नाही. पण त्या दाव्यात अशिलाला सिद्ध करावे लागते की अपील वेळेत झाले असते तर ते यशस्वी होण्याची शक्यता होती. जे अपील ऐकलेच गेले नाही त्याचा निकाल दिवाणी न्यायाधीशापुढे अंदाजाने लावायचा. असे दावे का दिसत नाहीत, हे वेगळे सांगायला नको. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांना व्यावसायिक विमा सक्तीचा आहे, त्यामुळे चूक झाली तर पैसे कुठून येणार हे ठरलेले असते. आपल्याकडे तशी सक्ती नाही.

बार कौन्सिलकडे तक्रार हा तिसरा मार्ग. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द करणे इतके अधिकार शिस्तपालन समितीला आहेत. अडथळा असा, की १९९७ च्या कुमारवेलू निकालाने निव्वळ निष्काळजीपणाला, त्यात नैतिक अधःपतन नसेल तर, गैरवर्तन मानले नाही. म्हणून तक्रार करायची तर मुदत चुकली या मुद्द्यावर नको. अपील झाले असे खोटे सांगितले, बनावट नंबर दिला, फी घेऊन दाखलच केले नाही, या मुद्द्यांवर करावी. आणि आधी विलंब माफीचा अर्ज निकाली निघू द्यावा. ज्या वकिलाच्या कबुलीवर अपील परत मिळणार आहे, त्याच्यावर त्याच आठवड्यात तक्रार ठोकली तर कबुली मिळणार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुहास चकमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या कायदेशीर मदतीबद्दल जे निर्देश दिले, त्यांत एक सूचना साधी आणि फार कामाची आहे. शिक्षेच्या निकालाच्या प्रतीला एक आवरणपत्र जोडण्याचा विचार उच्च न्यायालयांनी करावा. वरच्या न्यायालयात जाण्यासाठी मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी कोणाला भेटायचे, हे त्यावर लिहिलेले असावे. त्याच पानावर अपिलाची शेवटची तारीख छापावी आणि ते कैद्याच्या भाषेत असावे, एवढी भर मी त्यात घालीन. त्या तारखेनंतर तुरुंग अधीक्षकाने प्रत्येक कैद्याचे अपील झाले की नाही ते पाहून विधी सेवा समितीला कळवायचे. त्यासाठी संसदेत जावे लागत नाही, उच्च न्यायालयाचे एक परिपत्रक पुरते.